अण्णा, तो अर्ज मी लिहिला होता

अण्णा, हे लिहायला बसलो आहे खरा, पण लिहावं की नाही हे अजून मनात ठरलेलं नाही. तुमच्यावर लिहायचा हक्क असेल तर तो तुमच्या लेकीचा. नाहीतर रशीदभाईंचा, नाहीतर गंगाक्काचा. ते दोघं माझ्या आधीपासून तुमच्या माशीच्या शाळेत होते आणि शेवटपर्यंत तुमच्याशी सरळ वागले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून लेखणी माझ्या हातात आली, एवढंच. त्या लेखणीनं तुमचं काय केलं हे आपल्या गावात अजून एका माणसाशिवाय कुणाला माहीत नाही. म्हणून आधी माफी मागतो. ज्यानं लिहूनच घोळ केला त्यानं पुन्हा लिहून तो कसा निस्तरायचा, मला कळत नाही. पण मला दुसरं काही येतही नाही.

हा मजकूर कॉलेजच्या वार्षिक अंकात मराठी विभागाला देणार आहे. आमचे सर म्हणाले, "नाव घालायचं की नाही ते तुझं तू ठरव." परवा घातलं. काल खोडलं. आज सकाळी परत घातलं. वार्षिकाच्या चार-दोन प्रती आपल्या हळ्ळीखेडला जातातच, कुणीतरी पारावर वाचून दाखवतोच. शिवाय माझी शिष्यवृत्ती सरकारी आहे आणि अजून एक वर्ष राहिलं आहे. भीती वाटते, अण्णा. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू.

वार्षिक वाचणाऱ्या पोरांना माशीची शाळा म्हणजे काय हे समजायचं नाही. त्यांच्यासाठी थोडं सांगतो, तुम्ही ऐकून घ्या. निजामाच्या काळात तलावाच्या कामावर एक इंग्रज इंजिनिअर आला होता आणि त्याच्या तंबूजवळ तुम्ही मेंढरं चारायचात. तो पिसांची आणि लोकरीची लटकी माशी गळावर बांधायचा, ती पाण्यावर अलगद टाकायचा, आणि मासा खऱ्या किड्याला भुलावा तसा तिला भुलायचा. लोकर तुमच्या मेंढरांची लागायची, म्हणून त्यानं तुम्हाला शेजारी बसवून घेतलं. साहेब गेला आणि ती विद्या तुमच्या बोटांत राहिली. मग तुम्ही ती दर आयतवारी सकाळी, गावाखालच्या ओढ्यावर, जांभूळडोहापाशी बसून, येईल त्याला वाटायला लागलात. कुणाकडून काही घेतलं नाहीत. येताना प्रत्येकानं बाभळीची एक फांदी ओढत आणायची आणि डोहात सोडायची, एवढा एकच दंडक. काट्यांत जाळं फाटतं म्हणून जाळेवाले तिकडं फिरकत नाहीत, आणि काट्यांच्या आत पिल्लं वाढतात. सात-आठ वर्षांच्या फांद्या होत्या त्या डोहात.

मी पहिल्यांदा आलो तेव्हा दहावीत होतो. जांभळीच्या मागं उभा होतो. आपल्या गावात कोणत्या पाण्यापाशी किती अंतरावर उभं राहायचं हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "लांब कामून उभारलास? पानी तुझ्या बाचं न्हाई आन् माझ्या बी बाचं न्हाई. ये की."

मी आलो. तुम्ही गळ हातात दिला नाहीत. ओढ्यातला एक दगड उचलायला लावलात. त्याच्या खालच्या अंगाला बारीक काड्यांचं घर करून एक किडा बसला होता. "हे माशाचं जेवन," तुम्ही म्हणालात. "आदी जेवन बग, मग माशी बांध." मी दगड पाण्यात टाकून दिला, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. दगड जसा होता तसाच ठेवायचा, तीच बाजू खाली. "तुझ्या घराचं छप्पर कुनी काढून अंगनात टाकलं तर?" मी पाण्यात हात घालून तो दगड पुन्हा शोधला. बराच वेळ लागला. तुम्ही थांबलात. माझ्यासाठी कुणी थांबायची मला तोपर्यंत फारशी सवय नव्हती.

माशी बांधताना दोन्ही हात गुंतलेले असतात, मेण लावलेल्या दोऱ्याचं टोक ओठात धरावं लागतं. माझी गाठ सुटायला लागली. तुम्ही माझ्या ओठातलं टोक काढलंत आणि आपल्या ओठात धरून गाठ पुरी केलीत. मी इकडंतिकडं बघितलं. रशीदभाई शिंपी कोंबड्याच्या मानेचं पीस निवडत होते. गंगाक्का गळ उन्हात धरून बघत होती. कुणाचंच लक्ष नव्हतं, कारण लक्ष देण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलंच नव्हतं. घरी सांगितलं तेव्हा मायनं तीनदा विचारलं, "त्याच्या सोताच्या तोंडात? उष्टा दोरा?" आणि मग चुलीकडं तोंड करून बसली. रडत होती की काय, मी विचारलं नाही.

पण मायचं तुमच्याशी एक भांडण होतं, ते राहूनच गेलं. आमच्या घरात बुद्धवंदना होते, आणि त्यातलं पहिलंच शील प्राण्याची हत्या करू नये असं. माय म्हणायची, "कोंबडी खाल्ली तर खाल्ली, पन शिकायला जाऊन मासे मारायलास? आईतवारी? वंदनेच्या वक्ताला?" मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही पकडीनं गळाचा उलटा दात दाबून सपाट केलात. म्हणालात, नव्या माणसानं बिनदाताच्या गळावरच शिकायचं, पहिल्या वर्षाचा प्रत्येक मासा ओल्या हातानं परत सोडायचा. "मायला सांग, धरनं येगळं आन् मारनं येगळं." मी जाऊन सांगितलं. माय म्हणाली, "त्यांना सांग, गळ टोचतोच की." मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "खरं हाय बाईचं. ह्याचं उत्तर मला बी गावलं न्हाई." तुमच्यावर माझा खरा विश्वास त्या दिवशी बसला. उत्तर नाही असं सांगणारा मोठा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

दोरी फेकायला तुम्ही पाण्यावर कधी शिकवलं नाहीत. खळ्यावर, कोरड्यात. दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची, टांगेवाल्याकडून आणलेली. "घोडीचं नको, घोड्याचंच," तुम्ही बजावायचात, आणि कारण विचारलं की गंगाक्का तोंडाला पदर लावून म्हणायची, "घोडी मुतती कुटं ते बगा की." टोकाला लोकरीचा गोंडा, समोर वीस हातांवर सूप. गोंडा सुपात पडला पाहिजे. दोरी मागं गेली की लगेच पुढं आणायची नाही, मागं पुरती ताणू द्यायची. नवशिके तिथंच चुकतात, घाई करतात. म्हणून प्रत्येकानं त्या वेळात एक शब्द म्हणायचा. तुम्ही "बिरोबा" म्हणायचात. रशीदभाई "बिस्मिल्ला". मला विचारलंत, "तू काय म्हनतोस?" मी दोरी गुंडाळायला लागलो. "तुझं तू म्हन," तुम्ही म्हणालात. मी पुटपुटलो, "जयभीम." तुम्ही दोरी टाकून बघितलीत. "बराबर बसतंय," म्हणालात, जणू मापाचा खिळा मिळाला.

गंगाक्काला शब्दच लागला नाही. ती परटीण. ओला कपडा डोक्यामागं नेऊन, क्षणभर थांबून दगडावर आपटायचा हे ती जन्मभर करत आलेली. पहिल्याच फेकीत तिचा गोंडा सुपात. रशीदभाई म्हणाले, "अण्णा, हमारी फी वापस करो, हिला तर आईच्या पोटातून येतंय." तुम्ही म्हणालात, "तुझी फी काटे हाईत मियाँ, घेऊन जा घरी."

बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही वर्षभर शाळा बंद ठेवलीत. विहिरी आटल्या, ओढ्याची वाळू झाली, आणि जांभूळडोहात मात्र पाणी राहिलं, कमी, हिरवं, पण राहिलं. अख्ख्या ओढ्याची मासळी तिथं येऊन दाटली होती. कुणीही हातानं धरली असती. रशीदभाई म्हणाले, एकदा टाकून बघू. तुम्ही म्हणालात, "मासा दमलाय. दमलेल्याला फसवू नये." आणि रोज जाऊन बांधावर बसायचात, राखण करत. पाऊस झाल्यावर त्याच डोहातली मासळी वर-खाली साऱ्या ओढ्यात पसरली. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. पुस्तकात कुठंच वाचलं नाही.

म्हणूनच पुढं जे झालं ते मला सोसलं नाही.

मी तेव्हा गुलबर्ग्याला पहिल्या वर्षाला होतो, चैत्रात गावी आलो होतो. सकाळी गंगाक्का कपड्यांचं गाठोडं तसंच डोक्यावर घेऊन गावात परत आली. नुसतं म्हणाली, "डोह पांढरा झालाय." कुणीतरी कापसावर मारायचं औषध ओतलं होतं. हातभर मरळ पोटं वर करून तरंगत होते आणि काट्यांच्या आत बोटाएवढी पिल्लं एकमेकांना चिकटून पडली होती. ज्यांनी केलं ते मोठी मासळी गोळा करून गेले होते. नावं सगळ्यांना माहीत होती, घेत कुणीच नव्हतं. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभं राहून सुपानं मेलेली पिल्लं बाहेर काढत होतात, गुरं ते पाणी पितील म्हणून घाई करत होतात.

"अर्ज करू अण्णा," मी म्हणालो. "कायदा आहे ह्याला."

"कायदा कुटं ऱ्हातो?"

"कचेरीत."

"मग ऱ्हाऊ दे तितंच. हितं आला की त्याला बी भूक लागतीया."

गंगाक्का हसली. तेवढ्या दुःखातही हसली. मला ते हसू माझ्या शिक्षणावर आहे असं वाटलं. तुम्ही सांगत होतात, ज्यांनी केलं त्यांच्या घरी जाऊन बसू, त्यांच्या बायकांसमोर बोलू, दोन पावसाळ्यांत डोह भरून निघंल. मी म्हणालो, असं बसून काही होत नसतं. तुम्ही म्हणालात, "कागद मुका असतोय पोरा. ज्याच्या हातात जातो त्याची भाषा बोलतोय." आणि मी म्हणालो ते वाक्य मला इथं लिहावंच लागेल. मी म्हणालो, "तुम्ही शिकलेले नाही म्हणून तुम्हाला असं वाटतं."

सूप धुतलंत, पालथं घातलंत.

मी हॉस्टेलवर आलो आणि मासळी खात्याच्या साहेबाला अर्ज लिहिला. कन्नडमध्ये, सरकारी भाषेत, चार पानं. वर आधी सवयीनं म्हैसूर राज्य लिहिलं, ते खोडून कर्नाटक लिहिलं, मग खाडाखोड नको म्हणून सगळं पुन्हा उतरवलं. मला वाटत होतं, जितकं पुरतं लिहू तितका पुरता न्याय मिळेल. डोह किती मोलाचा आहे हे कळलं पाहिजे ना. म्हणून लिहिलं की डोहात दोन पुरुष पाणी आहे. तुमच्यासमोरच मागं एकदा दोरीला दगड बांधून मी ते मोजलं होतं. लिहिलं की बहात्तरच्या दुष्काळातही तो आटला नाही. मरळ, वाम, शिंगाळे, एकेका जातीचं नाव लिहिलं आणि केवढाले होतात तेही. सात-आठ वर्षं बाभळीच्या फांद्या टाकून आम्ही मासळी कशी वाढवली ते अभिमानानं लिहिलं. विष घालणाऱ्यांबद्दल शेवटी चार ओळी होत्या. आणि खाली नाव घालायची हिंमत झाली नाही. 'माशी बांधायला शिकणारे, हळ्ळीखेड' असं लिहून पाकीट पेटीत टाकलं.

दीड-दोन महिन्यांनी मायनं कुणाकडून तरी निरोप धाडला, की ओढ्यावर सरकारी जीप आली होती. मी हॉस्टेलमध्ये ते चार जणांना सांगितलं. माझ्या कागदानं जीप हलली, आपल्या ओढ्यापर्यंत आली. त्या दिवशी मी मेसमध्ये दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

साहेबानं माझा अर्ज नीट वाचला होता. इतका नीट माझा एकही पेपर कुणी वाचला नसेल. त्या दफ्तरात जांभूळडोहाची नोंदच नव्हती. ओढ्यातला एक खड्डा म्हणून तो आजवर सुटला होता. आता नोंद झाली. बारा महिने पाणी, अमुक जातीची मासळी, अमुक खोली, सगळं माझ्याच अर्जातून उतरवून. श्रावणात गावात दवंडी फिरली की जांभूळडोहाचा हर्रास, म्हणजे लिलाव होणार. शहरातला एक गुत्तेदार, मासळीचा मक्ता घेणारा, बोली लावून गेला. त्याच्या माणसांनी आकडे टाकून आधी काटे बाहेर ओढले. काठावर ढीग घालून पेटवून दिले. मग जाळी लावली. मग पत्र्याचा बोर्ड लागला की परवान्याशिवाय कुणी गळ टाकू नये, कपडे धुऊ नयेत. गंगाक्काला गाठोडं घेऊन मैलभर वर जावं लागायला लागलं. विष घालणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. त्यांतला एक जण गुत्तेदाराकडं राखणीला लागला.

दिवाळीच्या सुट्टीत आलो तेव्हा हॉटेलात चहा पीत होतो. शेजारी बोलणं चाललं होतं. लोकांनी तुम्हाला जीप आली त्या दिवशी साहेबाशेजारी डोहावर उभं असलेलं बघितलं होतं. एक जण म्हणाला, "सायबाच्या हाताखाली वाढलेलं मानूस. सायबालाच दाखवनार की डोह." दुसरा म्हणाला, "सात वर्सं मासे पोसून गुत्तेदाराला इकला." मी चमच्यानं चहा ढवळत बसलो. साखर केव्हाच विरघळली होती. एक वाक्य बोलायचं होतं मला, चार शब्दांचं. मग वाटलं, हे लोक आमच्या वस्तीकडं जातील, मायला बोलतील. कॉलेजात कळेल. शिष्यवृत्ती जाईल. मी उठलो, पैसे ठेवले आणि बाहेर पडलो.

तुमच्याशी रस्त्यात कुणी बोलेनासं झालं. तुम्हीही कुणाला खुलासा दिला नाहीत. तसेच ओढ्याला जायचात, बोर्डाच्या अलीकडं बसायचात. संक्रांतीनंतर तुमची लेक तुम्हाला न्यायला आली, ठाणाकुशनूरला.

त्या दिवशी मी मुद्दाम गुलबर्ग्याहून आलो. सांगायचं ठरवून आलो होतो. बसमध्ये वाक्य पाठ केलं. बसस्टँडवर तुम्ही गाठोड्यावर बसला होतात, लेक तिकिटाचं बघायला गेली होती, आपण दोघंच. मी खिशातून हॉस्टेलवर बांधलेली माशी काढून तुमच्या हातावर ठेवली, म्हटलं आधी हे दाखवू, मग ते सांगू. तुम्ही ती डोळ्यांजवळ नेलीत.

"डोकं मोटं झालंय."

"दोरा जास्त झाला का अण्णा?"

"व्हय. भ्यालेला मानूस गाठी जास्ती मारतो."

तुम्हाला कळलं आहे असं वाटलं. तुमच्या तोंडाकडं बघितलं तर तिथं काहीच नव्हतं, नेहमीसारखे तुम्ही पिसाची दांडी सरळ करत होतात. मग वाटलं, माशीबद्दलच बोलले असतील. तुम्ही माशीबद्दलच बोलायचात, नेहमी. मी म्हणालो, "चिठ्ठी लिहीन अण्णा." तुम्ही म्हणालात, "नको. दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागती. काय बोलायचं आसंल तर ये." बस आली. लेकीनं तुम्हाला दंडाला धरून वर चढवलं.

काय बोलायचं असेल तर ये. किती साधं होतं. चिठ्ठीत लिहिता येत नव्हतं, कारण ती तुमच्या जावयानं वाचून दाखवली असती. यायलाच हवं होतं. आधी परीक्षा आली. मग माय आजारी पडली. मग उन्हाळा होता, आणि मी हॉस्टेलच्या खोलीत बसून ठाणाकुशनूरला जायची बस कितीला सुटते हे तीन जणांना विचारलं आणि गेलो नाही. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, अण्णा. पण प्रत्येक वेळी कारण सापडल्यावर मला हलकं वाटायचं, तेही खरं. तुम्ही काय म्हणाल ह्याची भीती नव्हती. तुम्ही काहीच म्हणणार नाही, पीस सरळ करत बसाल, ह्याचीच भीती होती.

ह्या दीड वर्षात मी एकही माशी धड बांधलेली नाही. पण सुट्टीत ओढ्यावर गेलो की दगड उलटून बघतो, आणि तीच बाजू खाली ठेवतो. गेल्या पावसाळ्यात बोर्डाच्या वर, गंगाक्का जिथं आता धुणं धुते तिथल्या डबक्यात दोन फांद्या सोडल्या. तिनं बघितलं. पुढच्या वेळी गेलो तर पाच होत्या.

आता शेवटचं सांगतो. जसं माझ्यापर्यंत पोचलं तसंच सांगतो.

गेल्या आठवड्यात दुपारी हॉस्टेलच्या दारात रशीदभाई उभे. शिलाईचं सामान घ्यायला गुलबर्ग्याला आले होते, बगलेत अस्तराच्या कापडाचा गठ्ठा. समोरच्या हॉटेलात बसलो. त्यांनी खिशातून विडी काढली, परत ठेवली. पुन्हा काढली. म्हणाले, "गौतम, एक बात सांगायची हाय. अण्णा मला रोजी-रोटीची कसम घातले होते, म्हनून बोल्लो न्हाई."

मी कप खाली ठेवला.

"जीप आली त्या दिशी मी बी होतो डोहावर. कारकून तुझा कागद मोठ्यानं वाचला. पुरा."

"माझा?"

"चूप बैठ. वाचला. मग बोल्ला, सरकारी पान्यात काटे टाकले म्हनून लिवून दिलंय ह्यात, ही केस हाय. हे लिवलं कोन? अक्षर कालेजच्या पोराचं दिसायलंय, कालेजात इचारतो. अण्णा म्होरं झाले. मग बोल्ले, मीच लिवून घेतलो. काटे बी मीच टाकलो."

"अण्णांना कन्नड लिहिता कुठं येतं?"

"तेच कारकून बोल्ला. अण्णा बोल्ले, हुमनाबादच्या बसस्टँडवर एक मास्तर गावला, त्याच्याकडनं लिवून घेतलो. कारकून बोल्ला, मास्तरचं नाव? अण्णा बोल्ले, नाव इचारलो न्हाई, चा पाजलो." रशीदभाई हसले, पण त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. "मग कागदाखाली अंगठा मारून दिले. केस बिस काय झाली न्हाई, म्हातारा बगून सोडले. पन अण्णांना साहेबाशेजारी उभारलेलं गाव बगितलं. बाकी तुला ठावं हाय."

"त्यांना कसं कळलं मी लिहिलं?"

"दोन पुरुस पानी. दोरी सोडून तूच मोजला होतास न्हवं, त्यांच्या म्होरं? जीप गेल्यावर मला बोल्ले, पोरगं पुरतं लिवलंय रे, काय बी सोडलं न्हाई. रागानं न्हाई, हां. तू पहिली माशी बांधलास तवा बोल्ले होते तसंच बोल्ले."

आतून इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच सैल वाटत होतं. तुम्हाला माहीत होतं. बसस्टँडवर माझी माशी हातात घेतली तेव्हाही माहीत होतं. म्हणजे आता जाऊन सांगायला अवघड काहीच उरलं नव्हतं, फक्त तुमच्यासमोर बसायचं होतं. मी रशीदभाईंना म्हणालो, मी ह्याच आयतवारी जातो ठाणाकुशनूरला. त्यांना सांगतो, आणि परत येताना हळ्ळीखेडला उतरून पारावरही सांगतो. कॉलेजचं काय व्हायचं ते होऊ दे. मी पिशवीतून वही काढली आणि विचारलं, बिदरहून पहिली बस कितीला असते, औरादला बदलावी लागते का.

रशीदभाईंनी अस्तराचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि त्याची सुतळी सोडून पुन्हा बांधली.

"बस हाय रे," ते म्हणाले. "पन आता कामून जायलास. अण्णा गेले, बेटा. आज अकरावा दिवस हाय."